पुढे सरकवलेला पेला

१८ जानेवारी

आज पुन्हा तेच. वाईनचे सगळे पेले परत! "नाही पोरी, ही नाही," म्हणाले बाबा, आणि कात्री घेऊन वेली छाटायला निघून गेले. बाहेर दाट धुकं, बोटं गोठवणारी थंडी. पण टेबलाशी बसवत नाही त्यांना.

मेर्लो द्राक्षांची वाईन यंदा मऊ उतरलीये. काबेर्ने फ्रां द्राक्षांची जरा तिखट. कुठली किती घेऊन मिसळायची, एवढंच तर ठरवायचंय. दरवर्षी बाबा एका सकाळीत ठरवायचे. आई शेजारी बसून पेले पुसायची, मांडायची. माझा भाऊ गाएताँ तिला चिडवायचा — "आई, तू आपली पेले पूस, नाकाचं काम बाबांचं!" ती नुसती हसायची.

ऑक्टोबरात द्राक्षतोडणी संपली आणि ती गेली. तिची खुर्ची अजून तिथेच आहे. बाबा हलवत नाहीत, मीही नाही.

२१ जानेवारी

गाएताँचा पॅरिसहून फोन. "मायलीस, खरं सांग, बाबांना जमतंय ना? त्यांचं नाक आहे तोवर आपला मळा आहे. नाहीतर शेजारी केव्हाचा मागतोय. देऊन टाकू."

देऊन टाकू म्हणे! आईच्या थडग्यापाशी उभं राहिलं की ज्या वेली दिसतात, त्या द्यायच्या? म्हटलं, जमतंय.

२६ जानेवारी

लिहू की नको?

जेवताना बाटली उघडली. बूच खराब निघालं — वाईनला ओलसर तळघरात पडलेल्या पुठ्ठ्याचा वास. बाटली उघडून हुंगायचं काम आईचं होतं, आता माझं. मोरीत ओतायची म्हणून बाजूला ठेवली आणि पाव आणायला वळले. तेवढ्यात बाबांनी तीच घेतली. नेहमीसारखं तळाशी थोडं सूप ठेवलं, त्यात वाईन ओतली, वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. मिशा पुसत म्हणाले, "वा! छान मुरलीये."

इथल्या शेंबड्या पोरालाही कळतो तो वास!

आई गेली आणि तिच्या मागोमाग त्यांचं नाकही गेलं. मला रडू फुटलं. कांदा चिरायला घेतला, म्हणजे निमित्त झालं.

२७ जानेवारी

झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला सांगायचं नाही. गाएताँला तर नाहीच. बाबांनाही नाही — त्यांना मी ओळखलंय हे कळलं तर ते खचतील.

३ फेब्रुवारी

रोज सकाळी बाबा मळ्यात गेले की मी तळघरात. नळीने पिंपातून काढायची, मापून मिसळायची, चव घ्यायची, थुंकायची. मेर्लो वाढली की नुसतं गोडगोड बोलणाऱ्या पाहुण्यासारखं होतं — गेला की काही आठवत नाही. जीव मेटाकुटीला आलाय. मला येतं कुठे हे!

६ फेब्रुवारी

वरच्या उतारावरची काबेर्ने फ्रां वाढवली. आईने तोडलेली शेवटची द्राक्षं ती. आणि तिसरी जात, माल्बेक, अगदी नावाला. घोट घेतला आणि — आमच्या घराची चव! तिथेच पायरीवर बसून रडले. तिला सांगावंसं वाटलं, बाकी कुणाला नाही.

११ फेब्रुवारी

गाएताँ आला. टेबलावर पाच पेले मांडले. मी मिसळलेली वाईन मधल्या पेल्यात. तो बोटभर पुढे सरकवून ठेवला, बाबांचा हात आपसूक तिकडे जावा म्हणून.

बाबांनी एकेक नाकाशी नेला. काय हुंगलं देव जाणे! मग मधला उचलला. "हीच."

गाएताँने चाखली. पुन्हा चाखली. डोळे भरून आले त्याचे. "हाच तो बाबांचा हात! तसूभर बदललेला नाही." विकायचा विषयसुद्धा निघाला नाही.

माझा जीव भांड्यात पडला. पण बाबांना फसवलं, ते आत कुठेतरी सलतंय. ते माझ्याकडे बघत नव्हते. खाली पेल्यांकडेच बघत होते.

१२ फेब्रुवारी

गाएताँ गेला. जेवताना बाबांनी सुपाचा वाडगा माझ्यापुढे केला. "वाईन तू ओत. मला कळत नाही." मग भुवईवरच्या जुन्या व्रणावर बोट ठेवून म्हणाले, "पिंपांवरून पडलो ना, तू अगदी लहान होतीस — तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. तुझी आईही पेला एवढाच पुढे ठेवायची."

इतकी वर्षं आम्ही तिचीच वाईन पीत होतो. आणि तिलाच म्हणायचो, तू आपली पेले पूस.