हरिश्चंद्राच्या अकरा कॅसेट

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
मिठबावला पोचले एकदाची. बस तळेऱ्यालाच सोडली. तिथून बाबलीकाकांनी त्यांच्या टेम्पोतून आणलं. मागे बर्फाच्या रिकाम्या पेट्या, पुढे मी आणि मांडीवर माझा कॅसेट डेक, तान्ह्या बाळासारखा धरलेला. रस्ताभर मोहोराचा वास. पुण्यात नाक बंदच असतं बहुतेक.

बाबलीकाका म्हणजे सुभद्राकाकूंचे दीर, शेजारीच राहतात. काकू सत्तरीच्या. मी उतरले तेव्हा माडाची झावळी ओढत खळ्यात येत होत्या. इथे अंगणाला खळं म्हणतात. तीस वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचे कान गेले, अजिबात ऐकू येत नाही. त्या बोलतात आणि मी वहीत लिहून दाखवते. जमतंय.

कामाचं टिपून ठेवते. काकूंचे यजमान हरिश्चंद्र परदेशी बोटीवरच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. घरी परतल्यावर त्यांनी ९७-९८ साली ह्याच घरात अकरा कॅसेट भरल्या, सगळ्या प्रेमाच्या धुना. माझा मालक जितेंद्र असली जुनी रेकॉर्डिंग स्वच्छ करून विकतो. हॉटेलवाले घेतात, पन्नाशीतले प्रेमिक घेतात. १४ तारखेला अल्बम बाजारात आणायचा आहे. मी रोज थोडं साफ करून मुंबईला पाठवायचं.

जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. दोनदा भात घेतला.

४ फेब्रुवारी, मंगळवार
तीन कॅसेट झाल्या. काय वाजवलंय! सूर असा येतो की कोणीतरी मानेजवळ हळूच बोलतंय असं वाटतं.

प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला एका मुलीचा आवाज आहे: "कॅसेट पयली. बाबांनू, करा सुरू!" आणि मग हसू. ही त्यांची मुलगी भक्ती. माइक धरून रेकॉर्डिंग तीच करायची. एकविसाव्या वर्षी गेली.

काकूंनी विचारलं, "भक्तीचो आवाज आसा काय गो त्येच्यात? काय म्हणता ता?" मी वाक्य लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, ते पान फाडून घेतलं आणि घडी करून कमरेला खोचलं. मग चुलीत लाकूड सारायला वळल्या.

५ फेब्रुवारी, बुधवार
बाबलीकाकांनी एक गंमतच सांगितली. हरिश्चंद्र बोट सोडून आले ते आजारपणामुळे. मुंबईत त्यांचं एक फुप्फुस काढलं होतं. फुंकायचं वाद्य हातात धरायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला खरं वाटेना. दुसऱ्या धुनेतला एक सूर मी घड्याळ लावून मोजलाय, अडतीस सेकंद. मधे श्वास घेतल्याची खूण नाही. दोन फुप्फुसांच्या माणसालाही हे जड जाईल.

फाइल पाठवायला चांगली रेंज हवी म्हणून देवळामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढले आणि वर जाऊन चक्क बसले. धाप लागली होती. खुर्चीत बसून बसून हे होणारच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सहावी कॅसेट. भक्ती म्हणते, "कॅसेट... सव्वी." मधे थांबते. हसत नाही. डेकचं हेड घाण असेल म्हणून स्पिरिटने पुसलं. तरी तसंच. मग लक्षात आलं की टेप थांबत नाही, तीच थांबते. दम लागल्यावर माणूस थांबतं तशी.

सूर मात्र आणखी लांब आणि आणखी गोड.

जितेंद्रचा फोन आला. दिवसभर हेडफोन लावून हेच ऐकतो म्हणाला. बोलताना खोकत होता.

९ फेब्रुवारी, रविवार
आठव्या कॅसेटवर ती फक्त "आठ" म्हणते. तेवढ्यासाठीही तिने आधी श्वास गोळा केलेला ऐकू येतो.

मनात आलं म्हणून बुधवारचा तोच सूर पुन्हा मोजला. एक्केचाळीस सेकंद. डेकचा वेग तपासला, बरोबर आहे. संगणकात उतरवलेली प्रत लावली. तीही एक्केचाळीस. तिसऱ्यांदा मोजला.

बेचाळीस.

विहिरीवरून कळशी आणताना दोनदा टेकले.

१० फेब्रुवारी, सोमवार
बाबलीकाकांना स्पष्टच विचारलं. जाळं विणता विणता त्यांचे हात थांबले. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत भक्तीला त्यांनीच उचलून बाहेर आणलं होतं. बापाच्या पायाशी माइक धरून बसलेली, तोंड उघडं, ओठ जांभळासारखे. डॉक्टर हृदय म्हणाले. एवढ्या लहान पोरीला कसलं हृदय, असं सगळेच म्हणाले, पण पुढे कोणी बोललं नाही. हरिश्चंद्रही तो महिना पुरा करू शकले नाहीत. सॅक्सोफोन काकांनी होडीत घालून खोल पाण्यात टाकला.

का टाकला, विचारलं. जाळं तसंच टाकून उठून गेले.

मला निघायला हवं होतं आजच. शेवटची एक कॅसेट राहिलीय म्हणून थांबले. कामाची सवय, दुसरं काय.

११ फेब्रुवारी, मंगळवार
अकरावी ऐकली. जसं आहे तसं लिहिते.

सुरुवातीला भक्ती नाही. एकदम धून. चार मिनिटांनी हरिश्चंद्रांचा आवाज येतो: "भक्ती, उठ गो. गो बाय, उठ." मग ओरडणं: "बाबल्या, धाव रे! मी हात लावूक नाय तेका! आपोआप वाजता!"

आणि ते बोलत असताना, रडत असताना, खाली सॅक्सोफोन वाजतोच आहे. फुंकणारा माणूस बोलू शकत नाही. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. एकही सूर चुकलेला नाही. टेप संपेपर्यंत.

१२ फेब्रुवारी, बुधवार
फोनवर बोलता येत नाही. दोन शब्दांत दम संपतो. जितेंद्रला सगळं लिहून पाठवलं, विक्री थांबव म्हणून. दुपारी त्याच्या बायकोचं उत्तर आलं. तो कालपासून इस्पितळात आहे, ऑक्सिजनवर. शुद्धीत आला की हेडफोन मागतो. अल्बम शुक्रवारी पाचला इंटरनेटवर आपोआप निघेल असं त्याने आधीच लावून ठेवलंय. ते थांबवायचं कसं ते तिला माहीत नाही. कंपनीत तिसरं माणूस नाही.

काकूंसमोर वही धरली. त्यांनी सावकाश वाचलं आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या की मलाच लाज वाटली.

"माज्या चेडवाक त्येच्या बापाशीन मारल्यान म्हणतंस?"

मी मान हलवली, मुलीला बापाने नाही, ते वाद्य— पण त्या पुढचं वाचेनात. वही माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "सगळ्या वाडयेक सांगलंय मी. शुक्रवारी खळ्यात सगळी आयकाक येतली. माका आयकाक येना नाय, पण लोकांची तोंडा तरी बघीन. तेवढा माका दी गो."

१३ फेब्रुवारी, गुरुवार
बाबलीकाकांनी डॉक्टरकडे नेलं. ऑक्सिजन फार कमी. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखल व्हा म्हणाले. उद्या संध्याकाळी गाडी येईल.

कॅसेट न्हाणीच्या चुलीत घातल्या. अकराच्या अकरा. माझ्याकडच्या प्रती पुसल्या. मुंबईच्या प्रती— त्यांचं काय.

काकांचे पाय धरले. स्पीकर लागू देऊ नका. हो म्हणाले. लिहवत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
दुपार. उठवत नाही. खाटेजवळच्या खिडकीतून खळं दिसतं. प्लास्टिकच्या खुर्च्या. हरिश्चंद्रांच्या फोटोला अबोलीचा हार. वाडीतल्या शेवंतीकाकी पेढे वाटतायत. मुलं.

काका आले. पांढरा सदरा. खिडकीशी थांबले. "दादाचो सूर एकदाच आयकूचो आसा गो. एकदाच." डोळे भरलेले. पहिल्या रांगेत जाऊन बसले.

माइकवाल्याने मोबाइलला स्पीकरची वायर जोडली.

कागदांवर लिहून बाहेर टाकले. "ऐकू नका." वाऱ्याने— कुंपणापर्यंत गेले.

पाच.

भक्ती हसली. सगळं खळं हसलं. कोणीतरी डोळे पुसले.

काकू सगळ्यांकडे तोंड करून बसल्यात. एकेक चेहरा बघतायत. किती खूश—

सूर सुरू झाला. मोजते आहे. चाळीस. साठ.

काच वाजवली. कोणी वळलं नाही.

नव्वद.

काकांचा हात छातीवर. मागच्या रांगेत एक मूल आईच्या मांडीवर कलंडलं. आईही—

काकूंनी पाहिलं. चेहरे पाहिले. उठल्या. धावल्या— वायर ओढली.

वायर त्यांच्या हातात आहे. लोंबतेय. माझ्याकडे बघतायत, विचारतायत, थांबला काय गो—

काय सांगू मी त्यांना, तो अजून—