शूलपाणीच्या घळीतली सुटी

आई,

तू गेलीस तेव्हा तुझं जे वय होतं, ते मी कधीच ओलांडलं. त्यामुळे तुला 'अगं' म्हणताना हल्ली जरा अवघडल्यासारखं होतं. धाकट्या बहिणीशी बोलावं तसं वाटतं. आज शाळेला दिवाळीची सुटी लागली. निघताना मुलींनी विचारलं, "बाई, तुम्ही कुठे जाणार?" एकीचे वडील घरच्या सगळ्यांना घेऊन चांदोदला जाणार आहेत, तिथून नावेनं नदीतून वर, शूलपाणीकडे. ती पोरगी नाचत होती. मी म्हटलं, कडेला जाऊ नकोस हं. तिला वाटलं, बाई नेहमीसारख्या शिस्तीचं बोलतायत. घरी येईपर्यंत, सगळी घडियाळी पोळ, आपली ती लांब गल्ली, चालून होईपर्यंत, मला आपलीच सुटी दिसत होती.

नानांनी ती सुटी पावसाळ्यापासून आखली होती. कचेरीतून आले की पगडी उतरवायच्या आधी सांगायचे, आज अमुक भेटला, तो म्हणाला शूलपाणीच्या देवळाच्या अलीकडे डोंगर इतके जवळ येतात की नदीला अंग चोरून जावं लागतं. तू पोळ्या लाटत असायचीस. "आपल्या विश्वामित्रीला नदी म्हणायचं ते बडोद्याच्या लोकांनी," असं म्हणून तू हसायचीस, कारण तू कृष्णाकाठची. पाठीला भोपळा बांधून तुला तुझ्या वडिलांनी डोहात ढकललं होतं, ही गोष्ट तू मला जेवता जेवता कितीदा सांगितलीस. मला ती गोष्टच वाटायची. पोळेतल्या घरात, नळाच्या तोटीखाली हंडा लावणारी तू, तुला नदी पोहता येत असेल हे कसं खरं वाटणार?

थोरले काकाही बरोबर आले. ते सरकारी पागेतून निवृत्त झालेले, घरात त्यांचा शब्द म्हणजे हुकूम. नाना त्यांच्यासमोर कधी मांडी घालून बसत नसत. डभोईवरून चांदोदला जाणारी ती छोटी गाडी इतकी हळू चालायची की काका म्हणाले, माझा घोडा पुढे गेला असता. चांदोदला धर्मशाळेत एक मुक्काम केला, आणि सकाळी मोठी नाव ठरवून वर निघालो. वारा असला की शीड, वारा पडला की दोन नावाडी काठानं चालत दोर ओढायचे. वाळूवर मगरी ऊन खात पडलेल्या, आणि नाना प्रत्येक मगर तुला दाखवत होते, जणू त्यांनीच आणून ठेवली आहे. तू डोक्यावरचा पदर दातांत धरून बघत होतीस. हळूहळू दोन्हीकडचे डोंगर पुढे सरकायला लागले, वाळू संपली, आणि काळे गुळगुळीत खडक सुरू झाले, ओल्या पाटीसारखे. पाणी हिरवं आणि गप्प झालं. नानांनी तोंडाशी हात धरून हाळी घातली, ती समोरच्या कड्यावरून परत आली, आणि काकासुद्धा हसले. इतकं सुखी मी नानांना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतर तर नाहीच.

मुक्काम देवळाच्या खाली, खडकातल्या एका सपाट जागेवर पडला. तिथं आणखी एक कुटुंब उतरलं होतं, नडियादकडचं, यात्रेला आलेलं. त्यांची मुलगी माझ्याएवढीच होती, पोपटी घागऱ्यातली. तिच्या आईनं मला सुखडी दिली, तू तिच्या आईला चकल्या दिल्यास, आणि तीन दगडांच्या चुलीवर खिचडी शिजेपर्यंत तुमची मैत्री झाली. तुझी अर्धी गुजराती, तिची अर्धी मराठी. दुसऱ्या दिवशी काका देवळात गेले, नाना नावाड्याबरोबर वरचा धबधबा बघायला गेले. तू मागच्या डोहावर धुणं धूत होतीस. धुता धुता थांबलीस. "कोणी येतंय का बघ गं," म्हणालीस. मी म्हटलं, नाही. तू लुगड्याचा कासोटा घट्ट केलास, पदर कमरेला खोचलास, आणि पाण्यात शिरलीस. उडी नाही मारलीस, नुसती शिरलीस, घरात शिरावं तशी.

आई, मी ते आजही पाहते. तुझा एक हात पाण्यातून वर येतो, पुढे पडतो, मग दुसरा. आवाज नाही, घाई नाही. मान एकीकडे झुकलेली. पलीकडचा कडा किती लांब होता ते मला ठाऊक नाही, पण तिथं पोचून तू त्याच्यावर तळहातानं चापट मारलीस आणि मोठ्यानं हसलीस. ते हसणं सगळ्या घळीत फिरून आलं. मी वळले तर मागे नाना उभे. मला धडकी भरली. पण नाना खडकावर बसले आणि तू परत येईपर्यंत पापणी न लववता बघत राहिले. तू बाहेर आलीस, केस पिळत, खाली मान घालून.

"किती खोल आहे?" नानांनी विचारलं.

"तळ नाही लागला."

"मला शिकवशील?"

तू वर पाहिलंस. तेवढ्यात काका देवळाच्या पायऱ्या उतरताना दिसले. तुझे ओले केस, ओलं लुगडं त्यांनी पाहिलं आणि तुला नाही, नानांना म्हणाले, "घरची बाई चारचौघांसमोर पाण्यात नाचवायला आणलीस होय रे? उद्या पोळेत तोंड दाखवायचंय आपल्याला." नाना उभे राहिले. "चुकलं, दादा," म्हणाले. चौथा माणूस तिथं मीच काय ती होते. तू धुण्याचा पिळा उचललास आणि निघून गेलीस.

दुसऱ्या सकाळी ते घडलं. डोहाच्या खाली दोन खडकांमधून पाणी एकदम चिंचोळं होऊन धावतं. तिकडे फिरकू नका म्हणून नावाड्यांनी आल्याबरोबर सांगितलं होतं. ती पोपटी घागऱ्याची मुलगी लोटी घासत कडेला बसली होती. मी वरून तिला हाक मारणारच होते. ती पाय बदलायला उठली, आणि घसरली. ओरडलीसुद्धा नाही. घागरा पाण्यावर फुगून वर आला, आणि ती त्या धारेकडे निघाली. नावाडी दूर पलीकडे नावेपाशी चुलीवर रोटले भाजत होते. तिचा बाप नुसता हात पसरून ओरडत होता, त्याला पोहता येत नव्हतं. नानांना येत नव्हतं. काकांनाही येत नव्हतं. तू चुलीजवळून उठलीस, कासोटा आवळत धावलीस, आणि नानांनी दोन्ही हातांनी तुझं मनगट धरलं.

"सोडा."

"अगं, तिथं धार आहे!"

"अहो, सोडा मला. मला येतं. ती अजून इथंच आहे, सोडा!"

"धर तिला!" काका ओरडले. "सोडू नकोस!"

तू नानांना ओढत खडकाच्या कडेपर्यंत नेलंस. नाना गुडघ्यावर पडले, फरफटले, पण त्यांनी सोडलं नाही. ते रडत होते. मी तिथंच उभी होते. नावाडी उड्या मारून आले तोवर पाण्यावर काही उरलं नव्हतं. एकजण धारेत गेलाच, दोर बांधून. त्याला ओढून काढलं तेव्हा त्याचं कपाळ फुटलेलं होतं आणि हात रिकामे. तो धापा टाकत नानांना म्हणाला, "साहेब, तमे बराबर कर्युं. ए धारमां गयेलुं माणस पाछुं आवतुं नथी." तुम्ही बरोबर केलंत, या धारेत गेलेलं माणूस परत येत नाही, असं सांगून त्याला धीर द्यायचा होता. ते तू ऐकलंस. त्या मुलीची आई तुझ्याकडे बघत होती, आदल्या दिवशी तुझं पोहणं तिनंही वरून पाहिलं असावं.  ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर नाव प्रवाहाबरोबर भराभर खाली आली. कोणी मगर दाखवली नाही. काका एकदा म्हणाले, देवाची इच्छा. तुझ्या मनगटावरचे वळ दिवाळी संपेपर्यंत काळेनिळे होते, आणि तू बांगड्या वर सारून ते झाकायचीस. घरी तू नानांशी बोलत होतीस, वाढत होतीस, त्यांची उपरणी धूत होतीस. भांडण असं कधी झालंच नाही. फक्त नाना सूरसागर तलावाच्या काठानं जायचं टाळून लांबची वाट घ्यायला लागले. खूप पुढे, माझं लग्न ठरल्यावर, मी धीर करून विचारलं, "आई, तू आणली असतीस का गं तिला बाहेर?" तू तांदूळ निवडत होतीस. म्हणालीस, "माहीत नाही. ते कळायला जायला हवं होतं ना." आणि थोड्या वेळानं, "त्यांना दोष देऊ नकोस. त्यांनी सोडलं असतं, तर कदाचित तुला आई राहिली नसती." मग पुन्हा तांदूळ.

प्लेगच्या वर्षी तू गेलीस. शहराबाहेरच्या झोपडीत नाना तुझ्या उशाशी बसले होते आणि त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. मी सासरी, बातमी कळली तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढे मीही कुंकू पुसून इथंच परत आले, महाराजांच्या राज्यात बायकांना मास्तरीण होता येतं म्हणून शिकले, उभी राहिले. काका गेले. नाना आणि मी उरलो.

आता नानांना आज कोणता आणि काल कोणता ते कळत नाही. डॉक्टर म्हणतात, वय झालं, यावर औषध नाही. ते मला तू समजतात. गेल्या श्रावणात एका सकाळी चहाची बशी तशीच हातात धरून त्यांनी विचारलं, "अगं, ती पोरगी निघाली का बाहेर?" मी खरं सांगितलं. म्हटलं, नाही नाना, ती गेली. बशी पडली. ते इतके रडले की शेजारच्या काशीबेन धावत आल्या, "शुं थयुं, शुं थयुं" करत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. तिसऱ्या दिवशी माझ्यानं होईना. मी म्हटलं, "निघाली."

"कोणी काढली?"

"मी."

"मी सोडलं होतं ना तुला?"

"सोडलं होतंत."

त्यांचा चेहरा कसा झाला ते तुला सांगता येत नाही. मग ते रोज विचारू लागले आणि मी रोज सांगू लागले. मला पोहता येत नाही. पण एक हात कसा वर येतो, पुढे कसा पडतो, मान कशी झुकते, पलीकडे पोचल्यावर खडकावर चापट कशी बसते, ते सगळं मी पाहिलेलं आहे. तेच सांगते, फक्त परत येताना तुझ्या खांद्याला ती मुलगी धरून असते. तुझ्या नावावर हे सांगायचा मला अधिकार आहे की नाही, कोणाला विचारू? तू रागावशील की हसशील, तेही मला ठरवता येत नाही. हे लिहून झालं की चुलीत घालणार आहे. नानांच्या हाती पडलं तर ते वाचतील, आणि वाचता त्यांना अजून येतं.

एकच सांगायचं राहिलं. हल्ली त्यांचं विचारणंही कमी झालंय. काल सकाळी त्यांनी विचारलंच नाही. मी चहा दिला, वाट पाहिली, बशी विसळली, पुन्हा येऊन बसले. शेवटी माझ्यानं राहवलं नाही, आणि मीच म्हणाले, "अहो, आणली हो मी तिला बाहेर."

नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाला?"