उभ्याने घेतलेलं प्रेशर

३ मार्च, सकाळी ८
आजपासून बीपीची नवी गोळी. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीचे काही आठवडे उठून उभं राहिलं की प्रेशर एकदम उतरू शकतं, चक्कर येते, माणूस पडतो आणि या वयात हाड मोडतं. म्हणून रोज दोन रीडिंग लिहा, एक बसून, एक उभ्याने. मला शिकवतात! एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो, भल्याभल्यांचे तराजू सील केलेत. वही आखली. शिवाय माझी हाडं दणकट. रिपोर्टात चक्क ‘वयाच्या मानाने ठीक’ असं लिहिलंय. ठिसूळ हाडं हिची. जपायचं तर हिने जपावं.

५ मार्च
बसून १३८. उभ्याने १०४. एकाच माणसाची एका मिनिटात दोन मापं? यंत्र सदोष. उभ्याचं रीडिंग नामंजूर, खाली सही.

८ मार्च
उभ्याने ९८. नामंजूर. भिंत जरा हलली, चष्म्याचा नंबर बदलला असणार. हिचं मोजून पाहिलं तर दोन्ही सारखीच. म्हणजे यंत्र फक्त माझ्याच बाबतीत चुकतंय. ही म्हणाली, डॉक्टरांना फोन करा. अपुऱ्या पुराव्यावर मी तक्रार करत नसतो.

११ मार्च, संध्याकाळी
ही सारखी माझ्या मागे मागे. बाथरूमच्या दारापर्यंत, गॅलरीपर्यंत. हातात झाडू, दाखवायला. झाडलेलंच पुन्हा झाडते. संशयी स्वभाव, दुसरं काय!

१२ मार्च
मुलीचा फोन. बाबा, खरं सांगा, चक्कर येते का? म्हणजे हिने चहाडी केली. ठणठणीत आहे म्हणालो. ‘येते’ म्हटलं असतं तर दोघांनाही उचलून तिच्या घरी नेलं असतं. तिथे मी कोण? कोपऱ्यातला म्हातारा. हिच्याशी दिवसभर अबोला. आजपासून माझ्या मागे यायचं नाही, एवढंच बजावलं.

१६ मार्च
काल दुपारी बेल वाजली. ताडकन उठलो. दारापर्यंत पोचलोच नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली. पडलो, पण जमिनीवर नाही. मागे ही होती.
मला खरचटलंसुद्धा नाही. हिचं खुब्याचं हाड मोडलं. शेजारी धावत आले, तर ही त्यांना म्हणाली, आधी यांना उठवा.

१९ मार्च
ऑपरेशन झालं. माझ्या डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी सगळी नामंजूर रीडिंग एकेक करून वाचली आणि गोळी निम्मी केली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मुलगी माझ्याकडे बघत नाही. जिन्यात जाऊन रडलो.

२१ मार्च, सकाळी ११
फिजिओथेरपीवाली म्हणाली, आजींना आता वॉकर. त्याशिवाय चालतील का, ते आत्ता सांगता येणार नाही.
मी कॉटजवळ उभा होतो. हिने डोळे उघडले आणि विचारलं, चक्कर येते का अजून?
येते, म्हणालो.
मग उभे का राहिलात, म्हणाली. आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून पलीकडे सरकायला लागली. सरकता आलं नाही.