तक्ता पाठ आहे

४ जानेवारी, सोमवार
दुकान बंद. आजपासून रोजनिशी. पेपरच्या आरोग्य पुरवणीत आलंय की रोज चार ओळी लिहिल्या तर मेंदू तल्लख राहतो. माझा आहेच, पण राखलेला बरा.
यंदाचे संकल्प: रोज सकाळी चालायचं, दुकानात येणाऱ्यांना आरोग्याच्या बातम्या सोप्या करून सांगायच्या आणि समोरच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही.
समोरचा म्हणजे माझा साडू. कात्री कशी धरायची हे त्याला मी शिकवलं आणि त्याने माझ्याच दारासमोर सलून थाटलं. मधला रस्ता इतका अरुंद की तिकडे कोणी शिंकलं तर इकडे माझ्या खुर्चीतला दचकतो. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे मोकळेपणाने भांडताही येत नाही.
डायरीच्या रेघा यंदा फारच फिक्या छापल्यात.

७ जानेवारी
चालायला गेलो नाही. थंडी.
मास्तर आले होते. म्हणजे पोस्टमास्तर, आता रिटायर. दाढी-कटिंग पहिल्यापासून माझ्याकडेच. शेजारच्या बाकावर विमावाले. आत्तापर्यंत बातम्या मी वाचून दाखवायचो. आजपासून ते काम मास्तरांना दिलं. त्याने गिऱ्हाइकाचा सहभाग वाढतो. शिवाय पेपरवाले हल्ली शाई वाचवतात.
आजची बातमी: सरकारी रुग्णालयात नवं मशीन खोक्यातच पडून, कारण चालवणारा नाही. मी म्हटलं, व्यवस्था अशी असेल तर माणसाने स्वतःच स्वतःचा डॉक्टर व्हावं. मास्तरांनी मान डोलावली. कात्री चालू असताना मान हलवू नका, असं त्यांना सांगावं लागलं.

१९ जानेवारी
बायको दुकानात डबा द्यायला आली आणि विमावाले गेल्यावर म्हणाली की त्यांचा उजवा कल्ला डाव्यापेक्षा बराच वर गेलाय. मी म्हटलं, तो चेहऱ्याचा दोष आहे. नाकही वाकडं आहे त्यांचं, ते काय मी केलं?
विमावाले इथून उठले ते थेट साडूकडे शिरले. विमा गळ्यात मारायला गेले असणार. धंद्यात माणूस हुशार.

२ फेब्रुवारी
दुकानातली ट्यूबलाइट बदलली. नवी तशीच अंधुक. कंपनी बदलून आणली. तीही तशीच. मुळात वीजच हल्ली पातळ येते.
बायको म्हणते डोळे दाखवा. मी तिला शांतपणे आकडेवारी समजावली. एवढ्या मोठ्या रुग्णालयात डोळ्यांचा एकच डॉक्टर. मी गेलो नाही तर कुणा गरजूचा नंबर आधी लागेल. समाजाचा विचार करणारा माणूस घरात असला की घरच्यांना तो हट्टी वाटतो.
मास्तर इथून निघून साडूकडे गेले. काहीतरी टपालाचं जुनं काम असेल.

२२ फेब्रुवारी, सोमवार
अखेर रुग्णालयात जाऊन आलो. डोळ्यांसाठी नव्हे, पाहणीसाठी. दुकानात रोज या विषयावर बोलायचं तर प्रत्यक्ष बघितलेलं बरं.
पाहणी: नेत्रविभागाची पाटी इतक्या बारीक अक्षरांत की ज्याला ती वाचता येते त्याला तिथे जायची गरजच नाही. विचारत विचारत गेलो आणि बराच वेळ एका रांगेत बसलो. ती दातांची निघाली. डोळे तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. वर गेलो तर खिडकीतला म्हणाला, नंबर ॲपवर लावा. ॲपने ओटीपी पाठवला. तो वाचायला फोन जवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला, तोवर त्याची मुदत संपली. मागच्या बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि नंबर लावून दिला. एप्रिलची तारीख मिळाली.
व्यवस्थेची दशा बघून वाईट वाटलं. पण दुकानात आठवडाभर पुरेल इतका मजकूर मिळाला.

१० मार्च
मजकूर पुरून उरला. ओटीपीचा किस्सा आज परत सांगितला. सगळे हसतात. दुकानात माणूस टिकून आहे तो माझ्या बोलण्यामुळे आणि हातातल्या कलेमुळे. नवीन गिऱ्हाईक हल्ली येत नाही. म्हणजे मीच घेत नाही.
साडूकडे गर्दी दिसते. निदान आकार तरी बरेच दिसतात.

५ एप्रिल, सोमवार
रुग्णालय. डॉक्टर शिबिराला गेलेत. कसलं शिबिर, तर डोळ्यांचं. डोळे घेऊन इथे आलेली एवढी माणसं बाकांवर बसलेली आणि डॉक्टर डोळे शोधायला गावोगाव. मी हे मोठ्याने बोललो. रांगेतून चांगला प्रतिसाद मिळाला. मेची तारीख मिळाली.

२० एप्रिल
बायको म्हणाली, तोवर वस्तरा तरी हातात घेऊ नका. मी म्हटलं, वस्तरा बोटांनी चालतो, डोळ्यांनी नाही. बघून दाढी करतात ते शिकाऊ. ती संध्याकाळी बहिणीकडे जाऊन बसली.

१७ मे, सोमवार
मोठा दिवस.
डॉक्टर हजर, मशीन चालू आणि ते चालवणाराही जागेवर. तिन्ही एकाच दिवशी. जुने पेशंट म्हणाले, असं आम्ही कधी पाहिलं नाही.
पद्धत अशी: आधी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायचा. ज्याला वाचता येत नाही त्याला पुढे मशीनकडे आणि मग ऑपरेशनच्या यादीत. ज्याला येतो त्याला गर्दीमुळे परस्पर घरी. माझी जागा अगदी दाराशी. आत जाणारा प्रत्येक जण तोच तक्ता मोठ्याने वाचत होता. ओळीन् ओळ कानावर पडत होती. शेवटची बारीक ओळ कुणालाच येईना, ती एका शाळकरी मुलीने वाचली. माझा नंबर आला तोवर तक्ता तोंडपाठ.
आत गेलो आणि वरपासून खालपर्यंत एका दमात म्हणून दाखवला. उजव्या डोळ्याने तसा, डाव्याने तसा. तक्त्याजवळच्या बाई थक्क झाल्या. या वयात असे डोळे त्यांनी पाहिले नव्हते. कागदावर लिहून दिलं: दृष्टी उत्तम. यादीतून नाव कमी.
बाहेर पडताना दाराऐवजी कपाट उघडलं. कपाटं हल्ली अगदी दारांसारखी करतात.
ऑपरेशनला मी घाबरलो होतो असं नाही. डोळा अधू ठरला तर हातातला वस्तरा जाईल, ही भीतीही नव्हती. नव्हती म्हणूनच लिहून ठेवतोय.

१८ मे
तो कागद फ्रेम करून आरशाशेजारी लावला. बायकोने वाचला आणि कपाळाला हात लावला. इतक्या महिन्यांनी नंबर लागला आणि तुम्ही पास होऊन आलात, म्हणाली. या बाईला कशाचं कौतुकच नाही.
दुपारी विमावाले म्हणाले, फ्रेम उलटी लागलीय.

१० जून
मास्तर. डावा कान. टोक.
रक्त बरंच आलं. तुरटी हाताशी होती, पण सापडेना. मास्तरांनीच उचलून माझ्या हातात दिली. ते घाबरले नाहीत. मी घाबरलो.
जखम लहान आहे. कानाला रक्त जास्तच येतं, हे पुरवणीत आलं होतं.
बायकोने येऊन शटर ओढलं. मी ओढू दिलं.

११ जून
घरी. बायकोने सगळं सांगितलं. जानेवारीपासून माझ्याकडून उठलेला प्रत्येक जण समोर जातो. साडू कल्ले सारखे करतो, मागच्या केसांत पडलेली पायरी मोडतो, राहिलेली दाढी काढतो. त्याचे पैसे घेत नाही. दोघी बहिणींनी मिळून ठरवलेलं. आणि सगळी गल्ली मूग गिळून बसली.
माझा विश्वास बसला नाही. फोन लावून मास्तरांनाच विचारलं. ते म्हणाले, "तुमच्याकडे आम्ही बोलायला येतो हो. केसांचं काय, ते समोर बघतात."
मला फार वाईट वाटलंय. याला दुसरं कारण जोडायचा प्रयत्न केला, सापडलं नाही.

२१ जून, सोमवार
सकाळी साडू दारात. पहाटे जाऊन रांगेत उभा राहिला होता, नंबर घेऊनच आला. चला, एवढंच म्हणाला. लिफ्ट बंद. जिन्यात त्याने माझा दंड धरला. मी सोडवला नाही, कारण पायऱ्या अरुंद होत्या.
तक्त्यासमोर उभा राहिलो. तोंड उघडणार तोच साडू बाईंना म्हणाला, "यांचा तक्ता पाठ आहे. दुसरा लावा."
दुसरा तक्ता रुग्णालयाकडे नव्हता. मागवलेला आहे म्हणे, कधीपासून. मग बाईंनी आहे तोच भिंतीवरून काढला, खालचं वर करून परत टांगला. मला काय कल्पना. मी वरच्या मोठ्या अक्षरापासून सुरुवात केली आणि शेवटच्या ओळीपर्यंत बिनचूक म्हणून दाखवला. शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात समोर धरून विचारलं, बोटं किती. मी म्हटलं, हाताला असतात तेवढी.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पूर्ण पिकलेले. आधी का नाही आलात, असं तक्त्याजवळच्या बाई विचारत होत्या. साडूने सांगितलं, आले होते, तुम्हीच पास केलंत.

१२ जुलै, सोमवार
ऑपरेशन रद्द. लेन्स आलेल्या नाहीत. बाकी सगळं आलंय, मीसुद्धा. या विषयावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण दुकान बंद, ऐकणार कोण. बायकोला सांगू लागलो तर तिने पोळपाट-लाटणं जरा जोरातच ठेवलं.

१९ जुलै, सोमवार
झालं. उजवा डोळा. त्यावर पट्टी. अंदाजाने लिहितोय, बहुधा मागच्याच ओळीवर.

२ ऑगस्ट, सोमवार
पट्टी केव्हाच निघाली, पण आज नीट दिसतंय. डाव्याची तारीख पुढे आहे.
बायको म्हातारी झालीय. मी तिला तसं म्हटलं नाही. तीही माझ्याकडे बराच वेळ बघत होती, तीही काही म्हणाली नाही.
दुकान उघडून झाडलं. कोपऱ्याकोपऱ्यात केस. काढून टाकलेल्या ट्यूब माळ्यावर होत्या, सगळ्या लावून बघितल्या. एकूण एक लख्ख. डायरीच्या रेघा गडद निळ्या आहेत. मागची पानं चाळली. फेब्रुवारीपासून एकही ओळ रेघेवर नाही.
साडूचे आभार मानायचं ठरवलं. उद्या.

२४ ऑगस्ट
दुकान सुरू. साडूचे आभार अजून मानायचेत. तो सारखा कामात असतो.
पहिले मास्तर आले. कानाच्या टोकाला बारीक पांढरी खूण राहिलीय. मी तिच्याकडे बघतोय हे त्यांना आरशात दिसलं. वय झालं की कान असेच होतात, म्हणाले.
मन लावून कापले. बऱ्याच वर्षांत असा हात चालला नव्हता. कल्ले पट्टी लावून मोजावे इतके सारखे, मान स्वच्छ, एक केस इकडचा तिकडे नाही. सगळा वेळ मी एक शब्द बोललो नाही. मास्तरांनी पेपर उघडला, रुग्णालयाला नवीन तक्ता मंजूर झाल्याचं वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत घडी घातली. कात्री हातात असताना मला बोलवेना.
मागे आरसा धरून दाखवला. मास्तर म्हणाले, उत्तम. उठले, पैसे दिले, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून साडूकडे गेले.
मी दारात उभा राहून बघितलं. आता सगळं स्वच्छ दिसतं. साडूने त्यांना खुर्चीत बसवलं, मान डावीकडे वळवून बघितली, उजवीकडे वळवून बघितली. कात्री उचललीच नाही. मास्तर मात्र उठले नाहीत. विमावाले तिथे आधीच बसलेले. मास्तरांनी पेपर उघडला, साडूने हातवारे करत काहीतरी सांगितलं. ॲपबद्दल असावं, कारण तो फोन जवळ नेत होता, लांब नेत होता. तिघंही पोट धरून हसले.
नेमकं काय सांगितलं ते कळलं नाही. माझे कान उत्तम आहेत. रस्ताच रुंद आहे.