तपासले – १०.०

५ फेब्रुवारी, गुरुवार

चौदा! चाळीस पोरांच्या वर्गात एका पोरीने चौदा लिहिलं आणि सरांचा पारा चढला.

पहिल्या वर्षाचं टायट्रेशन. याच्याइतकं निरुपद्रवी काम दुसरं नाही. चंबूत दहा मिली आम्ल घ्यायचं, दर्शकाचे दोन थेंब टाकायचे, वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे मिलीच्या खुणा असलेल्या उभ्या नळीतून, कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडायचं. आम्ल संपलं की चंबू गुलाबी होतो. थांबायचं, किती मिली लागलं तो आकडा वाचायचा. आकडा दहा. मी इथे लॅब असिस्टंट म्हणून लागले त्याला सात वर्षं झाली. सात वर्षं आकडा दहाच.

एकोणचाळीस जणांनी तेच लिहिलं. १०.०, १०.१, मध्येच एखादं ९.९ – म्हणजे खरं वाटावं! शेवटच्या टेबलावरच्या पोरीने लिहिलं १४.०, १४.१, १४.०.

सर म्हणाले, "ब्युरेट उलटं टांगून वाचलंस का?" वर्ग खिदळला. मागच्याच आठवड्यात याच सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'विज्ञान म्हणजे निरीक्षण'. तेव्हापासून मी त्यांना मनात निरीक्षणसर म्हणते. तर निरीक्षणसरांनी तिच्या चंबूकडे न बघता जर्नलवर लाल काट मारली. परीक्षेत असं केलंस तर नापास, म्हणाले.

पोरीचं नाव आता 'चौदा' पडलं आहे. गेल्या वर्षी आजारपणात तिची ही परीक्षा बुडाली, ही दुसरी आणि शेवटची संधी. नर्सिंगला जायचंय म्हणे. रसायनशास्त्रात पास झाल्याशिवाय तिथे कोण उभं करणार?

मी टेबलं पुसली, रजिस्टर भरलं. तपासले – १०.०. खाली सही. दर गुरुवारी असतं ते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

चौदाने आज तिन्ही तास मान वर केली नाही. मला काय त्याचं! ब्युरेट नीट धुतलं नसेल.

८ फेब्रुवारी, रविवार

ताई बेकरीतून आली ती तणतणतच. आम्ही दोघी बहिणीच घरात, त्यामुळे तिचं तणतणणं ऐकायची हक्काची जागा मी. नवीन गिरणीचा मैदा आलाय, नेहमीच्या मापाने पाणी घातलं तर कणीक दगडासारखी झाली. चाळीस पाव टाकून दिले. मालक तिच्यावर खेकसला.

मी म्हटलं, "माप चुकलं असेल."

"माप कशाला चुकेल? वीस वर्षं तेच माप आहे," ती म्हणाली. "मैदाच वाळका निघाला. वजन तेवढंच, पण आत ओल किती हे पोतं उघडून बघायचं कोणी? मालकाने तर नाही बघितलं. मीही नाही, पण ते मी त्याला कशाला सांगू?"

मी हसले. मग हसू अर्ध्यात राहिलं. गेल्या महिन्यात मी पण नवीन बाटली उघडली आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

बाटली बघितली. नाव तेच, ऑक्झॅलिक आम्ल. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात एक शब्द – निर्जल.

स्टुलावर बसले ती बराच वेळ उठले नाही.

हे मला झोपेतही येतं, म्हणून जास्त लाज वाटते. नेहमीच्या बाटलीतल्या पावडरीच्या कणाकणात पाणी दडलेलं असतं. हाताला कोरडी लागते, पण एकशे सव्वीस ग्रॅम तोलली तर त्यात आम्ल नव्वदच, बाकीचे छत्तीस पाणी. नव्या पावडरीत ते पाणी नाहीच. मी आपली सवयीने सहा पूर्णांक तीन ग्रॅम तोलून लिटरभर पाण्यात ढवळली. ताईचा मैदा आणि माझी पावडर, दोन्हींची एकच गत. आम्ल दीडपटीच्या जवळ गेलं. कागदावर मांडून बघितलं. दहाच्या जागी बरोब्बर चौदा यायला हवं.

म्हणजे चौदा बरोबर होती.

आणि एकोणचाळीस जणांना दहा कुठून आलं? गेल्या वर्षीच्या पोरांच्या जर्नलांतून, दुसरं कुठून! रंग आला नाही तरी दहावर थांबले असतील, किंवा नळ सोडून दिला असेल आणि आकडा तेवढा टिपला असेल. चाळिसांतली एकच पोर चंबूकडे बघत होती, आणि लाल काट तिच्याच वहीवर.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सरांना सांगितलं नाही. कायम होण्याची माझी फाइल त्यांच्या टेबलावर आहे. सात वर्षं हंगामी. या महिनाअखेर 'कामात चोख' असा त्यांचा शेरा पडला की सुटले. आत्ता जाऊन 'सर, मी बाटली न वाचता ओतली' म्हणू?

मूग गिळून बसले.

११ फेब्रुवारी, बुधवार

मधल्या सुट्टीत चौदा लॅबच्या दारात. "मॅडम, एकदा करून बघू का? कोणी नाहीये तोवर."

करू दिलं. लांबून बघत होते. चंबूखाली पांढरा कागद ठेवला. आकडा वाचताना गुडघे वाकवून डोळा पातळीला नेला. शेवटी एकेक थेंब, प्रत्येक थेंबानंतर चंबू हलवून वाट बघणं. एवढी वाट आमच्याकडे कोणी बघत नाही. गुलाबी झालं तेव्हा आकडा चौदा.

तिने खांदे पाडले. म्हणाली, "मॅडम, मी दहावर थांबून बघितलं त्या दिवशी. रंगच नव्हता. रंग नसताना दहा कसं लिहायचं?"

मी टेबल पुसायला घेतलं. बोलण्यासारखं बरंच होतं.

मग ती ब्युरेट धुता धुता म्हणाली, "परीक्षेत मात्र दहाच लिहीन. आई म्हणते, शहाणपणा घरी ठेव आणि पास हो."

हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं की तिच्यासमोरून उठून मी उगीच बाटल्यांच्या कपाटात डोकं घातलं. एक धड बघणारी पोर सापडली, तीही माझ्या पावडरीपायी न बघायला शिकणार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. सकाळीच, धीर सुटायच्या आत. बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि त्या शब्दावर बोट.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, "अहो, पण मी वर्गापुढे करून दाखवलं तेव्हा माझं दहा आलं होतं!"

"सर, तुमचं कुठून आलं?"

असं विचारायला नको होतं. पण तोंडातून गेलं. सरांचा चेहरा चंबूतल्या रंगाचा झाला. मग ते हळूच म्हणाले, "हे आपल्या दोघांतच राहू द्या." आणि मी निघताना, "तुमच्या फाइलचं बघू नंतर." झालं! सात वर्षं त्या 'नंतर'मध्ये गेली.

दुपारी सर वर्गात गेले आणि काय सांगितलं? "आम्ल थोडं कडक झालं आहे. पुढच्या गुरुवारी परीक्षेला हेच असेल. उत्तर चौदा." पोरांनी पटापट उतरवून घेतलं. एकानेही विचारलं नाही, मग मागच्या गुरुवारी आमचं दहा कसं आलं? चौदाच्या वहीवरची लाल काट तशीच. ती खोडायला सरांकडे लाल पेन होतं, वेळ नव्हता.

मी इतकी चिडले की घरी पोचेपर्यंत चपलेचा अंगठा तुटलाय हे कळलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. ते स्वतः काही करत नाहीत. सकाळी लॅब असिस्टंटने द्रावण तपासून आकडा रजिस्टरात लिहायचा, तोच पाकिटात घालून त्यांना द्यायचा. त्या आकड्याशी जुळलं की गुण. म्हणजे परीक्षेपुरती मीच निसर्ग.

तर निसर्गाच्या डोक्यात एक खोडी आली आहे.

काचसामान वाळवायच्या गरम भट्टीवरच्या कपाटात जुनी बाटली सापडली. पाण्यावाली, माझी भरवशाची! झाकणाला चीर गेलीय, पण तळाशी चांगली मूठभर पावडर आहे. गुरुवारी हीच वापरते. नवी पावडर साडेचार ग्रॅम घेतली तरी चाललं असतं, पण त्या बाटलीचं तोंड बघायची इच्छा नाही.

कोणाला काही सांगणार नाही. खरा आकडा दहा येईल. बघू, चौदा कितीजण लिहितात. चंबूत बघणारी पोर दहा लिहील आणि बाहेरच्या माणसासमोर एकटी पास होईल.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुझी फाइल?" मी म्हटलं, भट्टीवर ठेव.

१८ फेब्रुवारी, बुधवार

चौदा भेटली जिन्यात. म्हटलं, "उद्या जे दिसेल तेच लिही. दहा नाही, चौदा नाही. जे दिसेल ते. माझ्यासाठी." तिने मग मान डोलावली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

काय सांगू.

सकाळी लवकर जाऊन द्रावण केलं. जुनी बाटली, सहा पूर्णांक तीन ग्रॅम, लिटरभर पाणी. रजिस्टर भरलं, तपासले – १०.०, सही. पाकीट चिकटवलं. चाळीस ब्युरेट भरली. मनात नुसत्या गुदगुल्या होत होत्या.

एकोणचाळीस जणांनी लिहिलं – चौदा! १४.०, १४.१, मध्येच एखादं १३.९. मला हसू आवरेना, मी फडक्यात तोंड लपवलं. मग शेवटच्या टेबलावरची वही बघितली.

११.६, ११.६, ११.७.

हसू गेलं. हे काय? दहा नाही, चौदा नाही. अधलंमधलं!

परीक्षकांनी पाकीट फोडलं, सगळ्या वह्या चाळल्या. शांत माणूस. म्हणाले, "एकोणचाळीस जण एकच चूक करत नाहीत. हा प्रयोगशाळेचा गोंधळ. यांची पुन्हा परीक्षा घेऊ." सरांनी सुटकेचा श्वास टाकला. "पण ही एकटीच वेगळी आहे. हिचं हिनेच बिघडवलंय. हिला नापास करावं लागेल. उद्या बारा वाजता गुण पाठवतो."

सगळ्यांसारखं चुकली असती तर वाचली असती.

बाहेर तिला गाठलं. माझा नुसता संताप संताप झाला होता. "घाबरलीस ना? दोन्हीकडचं राखायला मधला आकडा ठोकून दिलास? एक नीट बघणारी म्हणून मी तुझ्यासाठी..."

ती रडली नाही. म्हणाली, "मॅडम, अकरा पूर्णांक सहाला गुलाबी झालं. तीनदा केलं. तुम्ही करून बघितलं होतं ना सकाळी?"

मी म्हटलं, "मला शिकवू नकोस. सात वर्षं हेच करतेय मी."

ती गेली. ताईला घरी सगळं सांगितलं. ताईने फक्त एवढंच विचारलं, "मग केलं होतंस का?" मी पानं वाढायला उठले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सातला लॅब उघडली. कालचं उरलेलं द्रावण घेतलं, चंबूखाली पांढरा कागद ठेवला, गुडघे वाकवले, थेंबथेंब सोडलं. ११.६. पुन्हा केलं. ११.६. चिरलेलं झाकण, खाली दिवसभर तापणारी भट्टी – त्या पावडरीतलं पाणी केव्हाचं उडायला लागलं असणार. बाटलीवर 'भरवशाची' असं फक्त मीच लिहिलं होतं, तेही मनात.

रजिस्टर मागे मागे चाळलं. सात वर्षांचे गुरुवार. तपासले – १०.०, तपासले – १०.०, खाली माझी सही. आज पहिल्यांदा तपासलं. काल मी नकला करणारे एकोणचाळीस मोजले होते. चाळिसावी मी.

कालच्या ओळीवर काट मारली, शेजारी ११.६ लिहिलं आणि 'काल तपासले नव्हते' असं लिहून सही केली. परीक्षक साडेदहाला येतात. त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय, रजिस्टर मांडीवर आहे.