स्वतंत्र खोली

लाडक्या बाबांना,

ऑफिसात मला वेगळी खोली दिली म्हटल्यावर तुम्ही ती बढतीच समजलात, गल्लीभर सांगत सुटलात आणि मला 'साहेबीणबाई' म्हणू लागलात. तुमचा आनंद बघून माझी जीभच रेटेना.

बाबा, ती मोडक्या खुर्च्यांची अडगळ आहे. 'सरकारी नोकरीला कोण हात लावतंय?' असं तुम्ही म्हणायचात. नोकरीला नाही हो, साहेबांनी मला लावला. मी तक्रार केली, तेव्हापासून इथे बिनकामाची बसवलीये. चहालाही कुणी हाक मारत नाही.

पण काल टायपिस्टबाई आल्या, त्यातल्या त्यात धड खुर्ची ओढून बसल्या. "माझीही तक्रार लिहून दे गं," म्हणाल्या. आज आणखी दोघींना घेऊन आल्या.

हे पत्र काही मी धाडणार नाही. पण बाबा, खोली आता अपुरी पडतेय.

तुमचीच,
साहेबीणबाई