वाळूवरचा रंग

प्रिय बसू,

सरजाबाई गेली. आपल्या शेजारची, तू आलास की तुला धपाटे खाऊ घातल्याशिवाय न सोडणारी सरजामावशी. परवा सकाळी बोटीतून उतरताना पडली. मला अजून खरं वाटत नाही. दारात तिचीच पावलं वाजली असं वाटून मघाशी दोनदा उठले.

तलाव किती आटलाय ते तू पाहिलंसच. उरलंय ते गढूळ, प्यायला टँकरचंच पाणी, आणि टँकर येतो पलीकडच्या सडकेवर. म्हणून सगळा गाव घागरी घेऊन तुझ्या दाजींच्या बोटीत. घागरी हिंदकळून उतरायची फळी सदा ओली. शिमग्यानंतर दाजींनी फळीवर रंगाचा एक हात दिला, ओला असतानाच त्यावर चाळलेली वाळू पेरली आणि वाळल्यावर वरून दुसरा हात दिला. वाळू सरजाबाईनंच चाळली, स्वतःच्या पिठाच्या चाळणीनं. पाय कसा धरून ठेवायची ती फळी! पोटुशी बाईसुद्धा डोक्यावर घागर घेऊन बिनघोर उतरायची.

मग नव्या जिल्ह्याचे साहेब बोट बघायला येणार म्हणून पंचायतीनं रंगाचं काम तुला दिलं. उदगिरात पाट्यांवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' लिहिणारा माझा भाऊ! मी गल्लीभर सांगत फिरले. तू फळी बघून म्हणालास, "असली खरबरीत फळी साहेबाला दावता व्हय?" दाजी म्हणाले, "बसवराज, वाळू राहू दे. लोकं पडतील." तू हसलास. "दोन दिस तर हाय दाजी. साहेब गेला की पुन्हा टाकतो." वाळू खरवडून तू चकाकणारा ऑइलपेंट दिलास. साहेब खूश होऊन गेले. तू काही फिरकला नाहीस. दाजी पोती अंथरत राहिले, "बसून ऱ्हावा, बसून ऱ्हावा" म्हणून ओरडत राहिले, तुझी वाट बघत राहिले.

परवा पोतं पायाखालून सरकलं. एरवी तिथं पुरुषभर पाणी असतं, भिजून हसत वर आली असती. आता गुडघाभर पाणी आणि खाली धोंडे. मी काठावरच होते. घागर फुटल्यासारखा आवाज झाला, अन् घागरी तर पितळेच्या होत्या.

काल दाजींना ठाण्यात नेलं. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा जमादार म्हणाले, "बाई, तुमच्या भावानंच सांगितलंय, मी बोटीला हात लावला न्हाई, रंग दाजींनीच दिला." मी म्हटलं, दुसरा कुणी बसवराज असेल. ते म्हणाले, "सकाळी इथंच बसला होता की, तुमच्यासारखाच चेहरा." गावात येऊन तू घरी आला नाहीस, बसू. दाजी आतून सगळं ऐकत होते. भाकरी तशीच परत आणली.

हे पत्र त्यासाठी. भ्यालास, हे मला कळतं. तू ये. रागावणार नाही, जेवायला वाढीन, मग दोघं मिळून ठाण्यात जाऊ आणि तू तुझ्या तोंडानं खरं सांग. सोमवारपर्यंत आला नाहीस तर मी एकटी जाईन आणि तुझं नाव घेईन. पोलिसांच्या आधी तुला सांगावं, एवढंच माझ्याच्यानं झालं.

तुझीच,
शिवकन्या अक्का